कोठीच्या भिंतीतले ठोके

अक्काच्या सुनेला एक खोड. दार दिसलं की लाव कडी! आत माणूस आहे की मांजर, बघायचं नाव नाही.

त्या खोडीपायीच हे घडलं. अक्का माझी सख्खी बहीण. फुशारकी मारेल, पण खोटं बोलायची नाही. पटत नसेल त्याने खुशाल त्या कोठीत जाऊन बसावं. मी जाणार नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी आमच्या डोक्यावरचा डोंगर भरदुपारी घसरला. खाणीचं तोंड बुजलं. आत सोळा जण. त्यांत अक्काचा नवरा.

खाणीतली रीत अशी, की अडकलेल्याने आधी तीन ठोके द्यायचे. थांबायचं. मग जितके जिवंत, तितके ठोके.

अकरा दिवस बायका दगडांना कान लावून बसल्या.

काहीच आलं नाही.

तेव्हापासून गावात कुणी दार वाजवत नाही. हाक मारतात.

गेल्या मंगळवारी दुपारी अक्का कोठीत शिरली. कोठी डोंगर पोखरून काढलेली. मागची भिंत अख्खा खडक. खिडकी नाही.

बाहेरून कडी पडली... खट्.

"अगं ए भवाने! मी आत आहे!"

सून केव्हाच नळावर पोचलेली.

अक्काने हाका मारल्या. घसा बसला. काळोख अंगावर आला. श्वास पुरेना...

शेवटी तिने दारावर मूठ आपटली. नकळत तीनदाच.

थांबली.

उत्तर आलं...

दाराकडून नाही. मागून. खडकातून.

ठक्. ठक्. ठक्.

मग शांतता.

मग पुन्हा. सावकाश. अक्का शाळा दोनच वर्षं शिकली, पण बोटांवरचा हिशेब तिचा चुकत नाही.

चौदा... पंधरा... सोळा...

"सगळे आहेत गं बाई," ती पुटपुटली. डोळे भरून आले.

आणि मग...

ठक्.

सतरा.

अक्काने अंधारात हात फिरवला. कोठीत तिच्याशिवाय कुणीच नव्हतं.

तेवढ्यात कडी निघाली. दारात सून, तोंड पांढरंफटक.

"आई, किती ठोकताय! नळापर्यंत ऐकू येत होतं."

"मी तीनच दिले."

सून दारातून मागे सरली.

अक्काने हातोडी आणली, कडी उखडली आणि तिच्या हातात ठेवली.

"सूनबाई, कडी तू लावलीस अन् माझी हजेरी त्यांनी. आता मी या घरात आहे, ती नुसती रजेवर!"