तिसऱ्या मजल्यावरची मुलाखत

हे खरं आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी मला सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. आठ वर्षांपूर्वीचा नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार. दुपारचा दीड वाजला होता. मिनेसोटाच्या दक्षिणेला एक छोटं गाव आहे आणि त्या गावात एक छोटं कॉलेज, जेमतेम हजार मुलांचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे अजूनही मुलं शिकतात.

मी लोवेल हाउगेन. घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करतो. माझी मुलगी ब्रिटा तेव्हा सतरा वर्षांची होती, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. तिला मोठं विद्यापीठ नको होतं. शिक्षक नावानं ओळखतात असं कॉलेज हवं होतं. त्या दिवशी आधी कॉलेज बघायचं आणि मग तिची प्रवेशाची मुलाखत, असं ठरलं होतं.

माझी थोरली बहीण आर्डिस. तिनंही सतराव्या वर्षी तिथेच मुलाखत दिली होती, १९७७ साली. प्रवेश मिळाला, पण ती गेली नाही. का, ते तिनं कधीच सांगितलं नाही. आम्ही तिथे निघालोय हे मी तिला कळवलं नव्हतं.

गाडीत आमचं वाजलंच.

"तत्त्वज्ञान शिकून करणार काय तू?" मी म्हणालो. "बॉयलरला उपदेश?"

"बॉयलर निदान ऐकून तरी घेईल, बाबा. तू तेही करत नाहीस."

पुढचे चाळीस मैल ती खिडकीबाहेर बघत बसली.

कॉलेज दाखवायला तिथलीच एक मुलगी होती. आमच्याकडे तोंड करून उलटी चालत होती. माझ्या जाकिटावर माझ्या दुकानाचं नाव शिवलेलं आहे, ते तिनं वाचलं.

"काका, बॉयलरच्या कामाला आला असाल तर मागच्या दारानं जा हं."

बाकीचे आईबाप हसले. ब्रिटा हसली नाही. पण ती माझ्यापासून दोन पावलं लांब सरकली. मी बघितलं.

मुलाखतीचं ऑफिस एका जुन्या, पिवळ्या विटांच्या तीन मजली घरात होतं. टेबलामागच्या बाईनं मान वर न करताच सांगितलं, "बसा. साहेब दोनला येतील." मग कोट चढवला आणि जेवायला निघून गेली.

घरात आम्ही दोघंच उरलो.

मला खटकली ती शांतता. वाफेवर गरम होणारं जुनं घर नोव्हेंबरात गप्प बसत नाही. पाइप खटखटतात, गुरगुरतात. मी भिंतीजवळच्या रेडिएटरला, खोली गरम ठेवणाऱ्या लोखंडी नळ्यांना, हात लावून बघितला. चांगला तापलेला होता. पण आवाज...

काहीच नाही.

आणि मग वरच्या मजल्यावर... खुर्ची सरकली.

"मिस हाउगेन."

जिन्याच्या वरून बाईचा आवाज. कोरडा. वैतागलेला. जणू आम्हीच तिला खोळंबून ठेवलं होतं.

मी ब्रिटाबरोबर उठलो.

"बाबा, प्लीज. मुलाखत माझी आहे."

ती चढायला लागली. जिन्याच्या वळणावर कठड्यावर एक हात दिसला. करडी बाही. ब्रिटा तिथे पोचायच्या आत तो हात मागे गेला...

पंधरा मिनिटं झाली. पंचवीस झाली. वरून बोलणं ऐकू येईना. पावलंही नाहीत.

बरोबर दोनला टेबलवाली बाई परत आली. बरोबर टाय लावलेला एक तरुण साहेब.

"ब्रिटा कुठाय? मुलाखत मी घेणारे."

"वर. तुमच्या मॅडमनी बोलावलं ना तिला."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"वर कुणी बसत नाही," साहेब म्हणाला. "जिना बंद आहे."

मी वळून बघितलं.

जिन्याच्या तोंडाशी आडवी साखळी होती. साखळीला कुलूप. मी अर्धा तास त्या जिन्यासमोर बसलो होतो, आणि साखळी तिथे नव्हती. शपथेवर सांगतो.

पायऱ्यांवर धुळीचा जाड थर होता.

धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

मी साखळी ओलांडली.

"ओ मिस्टर! वर जाता येणार नाही!" साहेब ओरडला.

दुसऱ्या मजल्यावरची सगळी दारं बंद. तिसऱ्यावर एकच खोली. दार अर्धवट उघडं होतं.

ब्रिटा खुर्चीत ताठ बसली होती. हात मांडीवर. तिच्या तोंडातून वाफ निघत होती, इतकी थंडी. त्या खोलीतला रेडिएटर कापून नेलेला होता. पाइपाच्या तोंडाला ठोकलेलं झाकण गंजून गेलं होतं. माझं कामच ते, मला एका नजरेत कळलं. ती खोली कित्येक वर्षांत तापलेलीच नव्हती.

ब्रिटाच्या समोर आणखी एक खुर्ची होती. रिकामी.

आणि त्या खुर्चीशेजारच्या खिडकीवर वाफेचा एक गोल होता. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

तो लहान होत होता...

परत मोठा होत होता.

"हो मॅडम," ब्रिटा अदबीनं म्हणत होती. "सांगते ना. एक मिनिट विचार करू द्या."

मग तिनं मला बघितलं आणि संतापानं तिचा चेहरा लाल झाला.  मी तिचा दंड धरला आणि तिला ओढत बाहेर काढलं.

आमच्या पाठीमागे... खुर्ची सरकली. कुणीतरी उठलं.

खाली साहेब भांडायच्याच तयारीत उभा होता. "तुमच्या मुलीनं कुलूप उघडलं कसं? ताबडतोब निघा इथून, नाहीतर पोलिसांना बोलावतो." पोरगी ठीक आहे का, हे कुणीही विचारलं नाही. टेबलवाल्या बाईनं दार उघडून धरलं होतं.

"परत येऊ नका," ती म्हणाली.

बोलताना ती आमच्याकडे बघत नव्हती. जिन्याकडे बघत होती.

गाडीत ब्रिटा माझ्यावर तुटून पडली. "तुला लाज नाही वाटत? इतकं छान चाललं होतं! मॅडमना माझ्याबद्दल सगळं जाणून घ्यायचं होतं. तू कधी विचारलंयस मला काही?"

"काय विचारलं त्यांनी?"

"विचारलं की... मी घरी परत गेले नाही तर सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात येईल."

मी गाडीचा वेग कमी केला.

"मग विचारलं, ते मला किती दिवस शोधतील. आणि शोधणं कधी थांबवतील." तिचा आवाज बारीक होत गेला. स्वतःच्याच तोंडून ऐकताना तिला कळत होतं. "आणि शेवटी... तुला यायचं नसेल, तर तुझ्याऐवजी कोण येईल?"

ती रडायला लागली.

मी पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि आर्डिसला फोन लावला. ब्रिटाला त्या कॉलेजात मुलाखतीला नेलं होतं, एवढंच मी सांगितलं. तिचा एकच प्रश्न.

"तिनं नाव दिलं का?"

"आर्डिस, तुला कसं..."

"लोवेल, नाव दिलं का तिनं?"

"माहीत नाही."



"मी आर्लेनचं दिलं होतं," ती म्हणाली. "चेष्टेत. सारखा माझ्या खोलीत घुसायचा ना कार्टा. म्हटलं, आर्लेनला न्या."

तिनं फोन ठेवला.

आर्लेन आमचा मधला भाऊ. मी नऊ वर्षांचा होतो, तो बारा. ७८ च्या जानेवारीत तो गाईंना चारा घालायला गोठ्याकडे निघाला. घरापासून साठ पावलं. आकाश स्वच्छ होतं. बर्फात त्याची पावलं अर्ध्या वाटेपर्यंत होती.

पुढे नव्हती.

बर्फ वितळेपर्यंत सगळा गाव शोधत होता. त्याची टोपीसुद्धा सापडली नाही.

ब्रिटानं फोनवरचं सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, "कुणाचं नाव दिलंस?"

"कुणाचंच नाही."

मी देवाचे आभार मानले. ती शहरातल्या मोठ्या विद्यापीठात गेली, शिकली, आता एका शाळेत शिकवते. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. आर्डिस गेल्या वर्षी वारली. तीही कधी बोलली नाही.

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणं झाल्यावर ब्रिटा आणि मी स्वयंपाकघरात होतो. ती ताटं धूत होती, मी पुसत होतो. तिनं नळ बंद केला.

"बाबा, मी तेव्हा खोटं बोलले नाही. मी खरंच नाव दिलं नव्हतं. नुसता विचार करत होते."

"माहितीये मला."

"तेवढ्यात तू दारात आलास. मॅडमनी मान वळवून तुझ्याकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत. आणि..."

"आणि काय?"

ती माझ्याकडे बघेना.

"म्हणाल्या, 'हे चालतील.'"

उद्या सकाळी आठला मला एका घराच्या तळघरात बॉयलर बघायला उतरायचंय. घरमालकिणीला आत्ताच फोन केला. म्हटलं, मी खाली असेपर्यंत वरून माझ्याशी बोलत राहा. काहीही बोला. माझं उत्तर आलं नाही तर लगेच खाली या.

ती हसली.

मी परत सांगितलं.