डब्यातले सहा फोन

रिचार्ज संपून पंधरा दिवस झालेला फोन बोंब मारेल का? केतकीच्या आईचा मारत होता. तोही एकटा नव्हे, स्टीलच्या डब्यातले सहाच्या सहा फोन एकदम!

खाडीत शिंपल्या वेचायला उतरताना बायका फोन भिजू नयेत म्हणून डब्यात ठेवत आणि डबा काठावर केतकीकडे देत. आज पाणी कधी नव्हे इतकं मागे हटलं होतं. बायका खुशीत पार आतल्या चिखलात शिरल्या होत्या.

"चाचणी असेल गो, गेल्या महिन्यासारखी!" आई लांबून ओरडली.

केतकीने झाकण उघडलं. प्रत्येक पडद्यावर तीच अक्षरं होती: 'त्सुनामीचा धोका. ताबडतोब उंचावर जा.' गेल्या वेळी 'ही चाचणी आहे' असं लिहिलं होतं. आज ते नव्हतं.

"आई, चाचणी नाही! पळा!"

बायका टोपल्या टाकून धावल्या. म्हाताऱ्या बायजाआक्काचा पाय चिखलात रुतला, तशी आई मागे फिरली. "तू टेकडीवर हो!" ती ओरडली. केतकी रडत रडत चढली.

टेकडीवर चौघींनी आपापले फोन घेतले. डब्यात दोन उरले.

तिथल्या मोबाइल टॉवरची देखभाल एक यंत्रमानव करायचा. पोरं त्याला खांब्या म्हणायची.

"खांब्या, आई येईल ना?"

"ते मला माहीत नाही." खांब्याला खोटं बोलताच येत नसे. "पण तिला वेळेत कळलं."

"रिचार्ज नसताना कसं?"

"समुद्रतळावरच्या यंत्रांनी केंद्राला कळवलं, केंद्राने टॉवरला. टॉवरने एकेकीला फोन लावला नाही, त्यात फार वेळ गेला असता. त्याने एकदाच हाक मारली. हे सेल ब्रॉडकास्ट (टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी दिलेली सूचना). त्याला ना नंबर लागतो, ना रिचार्ज. फोन चालू असला की पुरे."

खाली पाणी गर्जत आलं आणि खाडीकाठ दिसेनासा झाला. केतकीने डोळे मिटून डबा पोटाशी धरला. तिला फार भीती वाटत होती.

कुणीतरी डब्यात हात घातला. चिखलाने माखलेला हात. तिने डोळे उघडले. आई होती, आणि तिच्या पाठीवर बायजाआक्का!

"आई, यापुढे डबा काठावर नको," केतकी आईला घट्ट बिलगून म्हणाली. "एक फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्याबरोबर चिखलात न्यायचा."

"नेऊ गो," आई म्हणाली आणि तिने दोन्ही फोन बाहेर काढले.

डबा रिकामा झाला.