न पडलेली क्रूझर

हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मग मधेच खुसखुस नको. कोपऱ्यावरचा चष्मेवाला तुम्हाला ठाऊक आहे ना? त्याची गोष्ट आहे. त्याच्याच तोंडून ऐकलेली, आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलंय.

माणूस लाखात एक, पण गाडीवर बसला की घामाघूम. सहा वर्षांपूर्वी सिग्नलला पाय टेकायला गेला, उंची पडली कमी, गाडी आडवी. मागे वहिनी, म्हणजे त्याची बायको, बसल्या होत्या. मनगट मोडलं त्यांचं. तेव्हापासून वहिनी रिक्षाने जायच्या, नाहीतर चालत, पण याच्या मागे बसायच्या नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. नुसतं "नको हो" म्हणायच्या. ते "नको हो" त्याला फार लागायचं.

म्हणून त्याने वापरलेली क्रूझर मोटारसायकल शोधली. बुटकी सीट, दोन्ही पाय सपाट जमिनीवर. आता तरी बायको मागे बसेल, एवढीच बिचाऱ्याची आशा. तेवीस जानेवारी, मंगळवार, संध्याकाळचे सात. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या एका रिटायर पोस्टमास्तरांकडून त्याने ती घेतली. म्हाताऱ्याने किल्ली दिली, "पडत नाही ही," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

गडी खूश! मनातल्या मनात वहिनींना मागे बसवून दोन गावं फिरूनही आला.

पहिल्या सिग्नलला वेग कमी केला, तर मागून आवाज. खर्रर्र. चपला डांबरावर घासाव्यात तसा. काहीतरी लोंबत असेल म्हणून त्याने गाडी कडेला घेतली, खाली वाकून पाहिलं. काही नव्हतं. पुढच्या चौकात पुन्हा तेच. खर्रर्र... या वेळी दोन्ही बाजूंनी. आणि याने पाय टेकायच्या आत गाडी थांबून सरळ उभी.

आठ वाजून दहा मिनिटांनी रेल्वेचं फाटक लागलं. बंद होतं. थांबताना याचा डावा पाय सांडलेल्या तेलावर पडला. सटकला. दोनशे किलोचं धूड कललं. त्याने डोळे मिटले. गेलो...

गाडी अर्ध्यावर थांबली.

मग हळूहळू सरळ झाली.

मागची सीट करकरली. जड काही उचलताना माणूस सोडतो तसा श्वास त्याच्या मानेवर आला. गार.

आरशात पाहिलं. सीट रिकामी.

त्याची बोबडीच वळली. तेवढ्यात फाटक उघडलं, मागचे हॉर्न वाजवायला लागले. निघणं भाग होतं. आणि मागे जो कोण होता... त्याला घेऊनच निघायचं होतं.

घरी पोचला तर वहिनी अंगणातच. गाडी अलगद थांबलेली पाहून खुलल्या. "अगंबाई, काय छान थांबवलीत! सरका पुढे, एक चक्कर मारू."

सहा वर्षं हेच ऐकायची वाट पाहत होता हो तो. आणि ऐकायला मिळालं कधी, तर आज!

वहिनींनी सीटवर हात टेकला.

"बसू नकोस!" तो किंचाळला. उडी टाकून उतरला, त्यांना दंडाला धरून घरात ओढलं, कडी घातली.

वहिनींचे डोळे भरून आले. "अजून भीती वाटते का तुम्हाला, मला पाडाल म्हणून?"

त्याने पोस्टमास्तरांना फोन लावला. स्पीकरवर टाकून विचारलं, "मागे कोण बसलंय?" म्हातारा म्हणाला, "मी पहिल्यापासून घाबरट. माझा मुलगा मागे बसायचा आणि दोन्ही पाय खाली सोडायचा. मी पडू नये म्हणून. गेल्या वर्षी तापाने गेला तो. पण... गाडीवरून उतरला नाही."

फोन बंद.

वहिनींनी हळूच विचारलं, "अहो... स्टँड लावलंत का गाडीचं?"

नव्हतं लावलं.

दोघांनी दाराला कान लावले. आता पडेल, मग पडेल. पाच मिनिटं. अर्धा तास. आवाज नाही. रात्रभर भिंतीला पाठ लावून बसले दोघं. दिवा मालवायची हिंमत नाही, खिडकी उघडायची नाही. पहाटे एकदाच ऐकू आलं...

खर्रर्र.

उभं राहून पाय अवघडले की आपण सरकवतो ना, तसं.

सहा वाजता मला फोन. मी धावत गेलो. क्रूझर अंगणाच्या मधोमध उभी. स्टँड वर घेतलेलं. भिंत दहा हात लांब. हात लावायचा धीर मला झाला नाही, खोटं कशाला बोलू?

वहिनी दाराबाहेर आल्याच नाहीत. आतूनच म्हणाल्या, "भाऊजी, यांना सांगा, माझा राग नाही. पण मी कुठं बसू? ती जागा रिकामी नाही." चष्मेवाला पायरीवर बसून लहान मुलासारखा रडत होता.

मी खाली वाकलो. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, मातीत, चपलेचा एकेक ठसा. चांगला बोटभर रुतलेला.

त्या चपलेचं तिथवर चालत आलेलं पाऊल एकही नव्हतं. परत गेलेलंही नव्हतं.