सहावी थाप

त्या दिवशी मी फक्त घंटा आणायला गेलो होतो. पितळेची, लिंबाएवढी. नोकरी संपली, बायको गेली, घर खायला उठायला लागलं, म्हणून मी आमच्या अग्निशमन दलाच्या पहिल्या मोटारबंबाची छोटी प्रतिकृती करायला घेतली होती. एका फुटाला दीड इंच हे माप, सागवानी सांगाडा, बाजूला पत्रा, गड्यांना उभं राहायला पायफळी, भरीव रबराची चाकं. खरा बंब कधीच भंगारात गेला. पण बावीस वर्षं मी तो चालवलेला, त्याचा खिळा न् खिळा मला पाठ.

घंटा ओतली करीमनं. हुसेनचा हा धाकटा भाऊ. हुसेन आमच्या बंबावरचा सहावा गडी, चोपन्न साली गुळाच्या वखारीत जळून गेला. घंटा हातात देताना करीमनं एवढंच विचारलं, "पायफळीवर सहा जणांची जागा ठेवलीया न्हवं, पिराजीदा?"

"ठेवलीया की," मी म्हणालो आणि त्याच्याकडं न बघता उठलो.

तुम्हाला म्हणून सांगतो. आमची एक रीत होती. गडी पायफळीवर चढला की पत्र्यावर थाप मारायचा. सहा थापा मोजल्याशिवाय गाडी हलवायची नाही. वखार पेटली त्या दिवशी टाकी रिकामी झाली, रंकाळ्यावर पाणी भरायला पळायचं होतं. मी पाच थापा ऐकल्या. सहावी गोंधळात ऐकू आली नसेल, असं मनाशी म्हटलं आणि गिअर टाकला. परत आलो तेव्हा वखारीचं छप्पर बसलं होतं. धुरात कुणालाच काही दिसलं नव्हतं. चौकशीत मी सहा थापा सांगितल्या. करीमलाही सहाच.

दिवेलागणीला मी घंटा बसवली. काम पुरं झालं, आणि दाखवायला घरात कुणी नव्हतं. कंदील जवळ ओढला. तेवढ्यात जळक्या गुळाचा वास आला... माझ्या घरात वीस वर्षांत गुळाचा खडा आलेला नाही.

टप्.

छोट्या बंबाच्या पत्र्यावर. मग दुसरी. तिसरी. कंदिलानं पत्रा तापला की वाजतो, मी स्वतःला समजावलं. चौथी. पाचवी...

मग काहीच नाही. खरं सांगू? भीतीपेक्षा मला बरंच वाटत होतं. इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्याकडं आलं होतं.

"मार की रं, हुसेन," मी हळूच म्हणालो. "ह्या खेपंला थांबलोय मी..."

सहावी थाप दारावर पडली.

उघडलं तर बोळात कुणी नव्हतं. सकाळी बघतो तर दाराला बाहेरून मुंग्या लागलेल्या. पाच बोटं, तळवा, सगळा पंजा नीट. मी दार धुतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी ठरवलं, करीमला खरं काय ते सांगून टाकायचं. त्याच्या दुकानात गेलो, चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि तसाच परत आलो.

आज सकाळी पंजा दाराच्या आतल्या बाजूला होता.