थंडा आसरा

ही हकीकत मेविस प्रीसची, पोरांनो. बाई अजून हयात आहे, खोटं वाटलं तर तिलाच विचारा.

मेविसला लेकीकडे राहायला जायचं होतं, आणि त्यासाठी डोंगरवाटेवरचं घर विकायचं होतं. घराचं नाव कोल्ड हार्बर, म्हणजे थंडा आसरा. दोन गिऱ्हाइकं नाव ऐकूनच मागे फिरली. मग तिने फाटकावर 'रोझ कॉटेज' अशी पाटी ठोकली. सकाळी बघते तर पाटी गवतात. पुन्हा ठोकली, पुन्हा गवतात. तिसऱ्यांदाही तेच.

संशय शेजारच्या नॉर्मन बेडोजवर. त्याला ते घर मेंढ्या ठेवायला कवडीमोलाने हवं होतं. शनिवारी सकाळी दहाला नवं जोडपं घर बघायला येणार. म्हणून शुक्रवारी, सतरा नोव्हेंबरला, तिने चौथ्यांदा पाटी ठोकली आणि त्याच पावली जाऊन नॉर्मनला रात्री पत्ते खेळायला बोलावलं. चोर डोळ्यांसमोर बसलेला बरा.

नॉर्मन सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या दारूची, बाटली घेऊन आला. भिंतीतल्या चुलीत लाकडं पेटली होती. दोन डाव झाले आणि त्याने टोमणा मारलाच, "मेंढीला घोडा म्हटलं की ती धावते होय गं?"

मग त्याने बापाकडून ऐकलेलं सांगितलं. वेल्सकडून गुरं हाकत येणारे या वाटेने जायचे. त्यांना इथे नुसतं छप्पर मिळायचं, विस्तव नाही, भाकरीचा तुकडा नाही. म्हणून हे नाव. पण दाराशी आलेल्याला नाही म्हणायचं नाही, एवढी एक रीत होती.

"आणि पाट्या कोण उपटतं?" मेविसने सरळच विचारलं.

"मला वाटलं तूच. माझं नाव खराब करायला. तेच बघायला तर आलोय."

दोघंही हसली नाहीत.

एक वाजून दहा मिनिटं. फाटक वाजलं.

नॉर्मन समोरच होता. पत्ते हातात.

पावलं आली. जड, ओली. दाराशी थांबली.

आतली कडी वर उचलली गेली...

दारात कुणी नव्हतं. गारठा आत आला. चुलीतले निखारे काळे पडले. एक. मग दुसरा. मग सगळे.

"नॉर्मन..."

"नाही म्हणू नकोस."

ती नाही म्हणाली नाही.

अंधारात चुलीपुढे कुणीतरी अंग टाकलं. मग श्वास. लांब, दमलेला...

उजाडेपर्यंत दोघं खुर्चीतून हलली नाहीत. उजाडलं तेव्हा खोलीत कुणी नव्हतं, आणि खिडकीतून बघितलं तर चौथी पाटीही गवतात. चूल पेटवायला मेविसचा हात धजेना, आणि नॉर्मनला एकट्याने घरी जाववेना.

दहाला जोडपं आलं. नवरा छत बघत फिरला. बायको विझल्या चुलीपुढे जाऊन उभी राहिली, बूट काढले, फरशीवर पाय टेकवला.

"वा. इथे खाली गरम पाण्याचा पाइप घातलाय का?"

नॉर्मनने मेविसकडे पाहिलं. त्या फरशीखाली कसलाच पाइप नव्हता.

बाईने पायाने चाचपडत ऊब कुठवर आहे ते बघितलं. इकडून तिकडे, फार तर पाच-साडेपाच फूट.

"पण एवढीच का?" ती म्हणाली. "एका माणसापुरतीच?"