हात नंतर

बाबांची चाकाची खुर्ची लातूरच्या पुनर्वसन केंद्राला द्यायला गेले, तर दारातच दुसऱ्या एका खुर्चीने वाट अडवली. तिच्यातला तरुण माझ्या खुर्चीकडे निरखून बघत होता.

"उजवीकडं ओढते ना ही?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"टायर सांगायलंय. मलाच द्या. मी बी जरा उजवीकडंच कलतो..."

मी त्याच्या उजवीकडे उभी होते.

तो वैजनाथ. धर्माबादला मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीवरून पडला होता. पाठीत मज्जारज्जूला मार बसला आणि कमरेखाली सगळं गप्प झालं.

बाबांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. खुर्ची देऊन झाली, तरी मी दर रविवारी नांदेडहून येत राहिले – खुर्ची कशी चालते ते विचारायला.

"खुर्ची बरी हाय," तो म्हणायचा. "बसणाऱ्याचं कुणी विचारत न्हाई."

सुरुवातीला डॉक्टरांनी त्याला 'ए' श्रेणी दिली होती. म्हणजे मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाशीही ना जाणीव, ना हालचाल. तिथे नुसती जाणीव परतली तरी 'बी'. फेरतपासणी जवळ आली तसा तो म्हणाला, "मॅडम, बी निघाली तर तुम्हाला एक विचारायचंय."

"आणि ए निघाली तर?"

"मग... खुर्चीचंच बोलू."

त्या दिवशी डॉक्टर कापूस आणि टाचणी घेऊन आले. डोळे मिटायचे, टोचतंय की नुसतं टेकतंय, ते सांगायचं. वैजनाथने माझ्यापुढे हात केला.

"धरा की. भीती वाटायलीय."

"हात नंतर."

त्याचा चेहरा पडला. मग कुणालाच न सांगितलेलं मी त्याला सांगितलं. अशाच तपासणीत बाबांचा हात माझ्या हातात होता. टाचणी त्यांच्या पायाला लागली की माझी बोटं आपोआप आवळायची, आणि बाबा म्हणायचे, "हाव, कळलं." मला बाहेर थांबवून पडद्याआड केलेल्या शेवटच्या तपासणीत ए-च निघाली. पण बाबा पुढची दोन वर्षं रोज सकाळी, हलेल म्हणून, पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं ते माझ्या बोटांमुळे, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

वैजनाथने हात मागे घेतला.

मी व्हरांड्यात पाठ करून उभी राहिले. आतून ऐकू येत होतं – "इथं?" "न्हाई." "इथं?" "...न्हाई." मग पडदा सरकला.

जगदेवी सिस्टर बाहेर आल्या. "ए-च," त्या हळूच म्हणाल्या.

मी आत गेले. तो खिडकीशी होता. "बोला मॅडम. खुर्ची ओढते अजून."

"तुम्ही बी निघाल्यावर विचारणार होतात ना? मी ए-वरच विचारते. माझ्याशी लग्न कराल?"

"...दया यायलीय का?"

"दयेपायी दर रविवारी तीन तास एसटीत कोण बसतं?"

तो हसला. मग तपासणीत मिटतात तसे डोळे मिटून त्याने तळवा पुढे केला. मी त्यावर एक बोट टेकवलं. अगदी हलकं, कापसासारखं.

"कळतंय?"

"हाव."

या वेळी बोटं त्याने आवळली.