डबी बिघडली नव्हती

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं, असं म्हणून आप्पांनी चष्मा काढून खिशात ठेवला. लाइट गेलेली होती. गच्चीवर बसलेली भाचरं-पुतणे थोडी जवळ सरकली. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो आप्पांच्या चांगल्या ओळखीतला. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. अंगाने अगदी काडी, म्हणून सगळे त्याला पिन्या म्हणायचे.

"कॉम्प्युटरातलं भूत म्हणजे व्हायरस असणार, आप्पा," थोरला पुतण्या म्हणाला.

"व्हायरस असता तर मी आत्ता झोपलो असतो," आप्पा म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.

तर पिन्या त्या संध्याकाळी एका गाणाऱ्या बाईंकडे गेला होता. काम चिल्लर होतं. लॅपटॉपचं एक बटण अडकत होतं, तेवढं बदलायचं. बाई जन्मभर मुलांना गाणं शिकवत आलेल्या. मागच्या खोलीत त्यांनी स्वतःपुरती रेकॉर्डिंगची सोय केली होती. आवाज घुमू नये म्हणून खिडकीला जुन्या गोधड्या लावलेल्या, मधे स्टँडवर माइक, आणि टेबलावर एक काळी डबी. माइकमधला आवाज ह्या डबीतून कॉम्प्युटरात जायचा. डबी नीट चालू असली की तिच्यावर हिरवा दिवा लागायचा.

बाईंच्या घशाचं ऑपरेशन सोमवारी होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की जीव वाचेल, आवाज राहणार नाही. मुलगी लांब राहायची, तिला सातवा महिना होता. बाईंना त्या नातवंडासाठी एक अंगाई गाऊन ठेवायची होती. स्वतःच रचलेली. शनिवार-रविवार दोनच दिवस हातात होते.

बाईंनी पिन्याला बजावलं होतं, "बटण बदल. बाकी कशाला हात लावू नकोस हं. अपडेट वगैरे तर नकोच. ही डबी जुनी आहे, तिला नवं काही मानवत नाही."

तो हो म्हणाला. बाई चहा टाकायला आत गेल्या. बटण बसलं आणि स्क्रीनवर पाटी आली, अपडेट तयार आहे, आत्ता करू का. ह्या धंद्यात दिवसातून वीस वेळा ती पाटी येते आणि हात आपोआप 'हो' वर जातो. गिऱ्हाईकही खूश होतं, की पोराने मशीन नवं करून दिलं. पिन्याने दाबलं. दाबल्यावर त्याला आठवलं.

मशीन बंद होऊन परत सुरू झालं, तेव्हा डबीवरचा दिवा लाल होता.

डबी आणि कॉम्प्युटर यांच्यामधे एक दुभाषा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कॉम्प्युटर नवा झाला, दुभाषा जुनाच राहिला. आता कॉम्प्युटर बोलतोय ते त्याला कळेना. पिन्याने वायर काढून लावली, दुसऱ्या भोकात लावली, फुंकर मारून पाहिली. लालच. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या, आणि पिन्याच्या तोंडून निघून गेलं, "बाई, डबी बिघडलीय बहुतेक. जुनी झाली ना."

बाईंनी डबीवरून पदर फिरवला. "दुपारपर्यंत तर चालत होती," एवढंच म्हणाल्या. पिन्याने उद्या येऊन बघतो म्हणून वेळ मारून नेली.

शनिवारी त्याने एका जाणकार मित्राला विचारलं. मित्र म्हणाला, सोपं आहे, मशीन मागे न्यायचं, म्हणजे अपडेटच्या आधी होतं तसं करायचं. थोडे दिवस तशी मुभा असते. तास-दीड तासाचं काम. पण मशीन मागे न्यायचं म्हणजे ते पुढे कुणी नेलं हे सांगणं आलं. पिन्याची जीभ उचलेना. शनिवार गेला. रविवारी बाईंचे फोन यायला लागले. त्याने फोन उपडा करून ठेवला. दुपारी एक निरोप लिहून पाठवला, पोरीला ताप आहे, येता येत नाही.

पोर ठणठणीत होती. त्याच्या मांडीवर बसून चमचा चोखत होती. बायकोने खांद्यावरून तो निरोप वाचला आणि म्हणाली, "काम टाळायला स्वतःचं लेकरू आजारी पाडलंस. दुसरं काही सुचलं नाही का रे?"

बाईंचं उत्तर लगेच आलं. तिला ओल्या फडक्याने पुसून घे, अंगावर जास्त कपडे घालू नकोस, इकडची काळजी करू नको. पिन्याने तो निरोप दोनदा वाचला. तरी तो उठला नाही.

सोमवारी बाई ऑपरेशनला गेल्या त्या परत आल्याच नाहीत.

गच्चीवर भाचीच्या मांडीवरचं बाळ चुळबुळलं, तिने त्याला थोपटलं. आप्पा आवाज खाली आणून पुढे सांगू लागले.

पुढच्या रविवारी रात्री साडेनऊला बाईंच्या नवऱ्याचा फोन आला. त्यांना सगळे काका म्हणायचे. काका म्हणाले, सकाळी मुलीकडे निघतोय, लॅपटॉप नेतोय, तिच्या आईचं काही आत असेल तर काढून देशील का. शब्दाने रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं पिन्याला वाटलं.

तो गेला. काकांनी खोली उघडून दिली आणि दारातच म्हणाले, "मी तिला म्हटलं होतं, मोबाइलवर गा. पण ऐकेना. म्हणाली, पोरगा येतो म्हणालाय, येईल. रात्रीपर्यंत इथे खुर्चीवर बसून होती."

मग गोळी घेऊन ते झोपायला गेले.

पिन्याने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. आत काही नव्हतं. शुक्रवारी दुपारी आवाज तपासायला म्हटलेलं एक-दोन, एक-दोन, बस. अंगाई नव्हतीच. ती गायलीच गेली नव्हती. काही सापडलं नाही म्हणून निघता आलं असतं, पण पाय निघेना. निदान जसं होतं तसं तरी करून जावं, म्हणून त्याने मशीन मागे न्यायला लावलं. ते चालू असताना उगाच हाताला काम हवं म्हणून माइक स्टँडवरून काढला, पुसला, त्याच्या पेटीत ठेवला. माइकची वायर डबीतून काढून, गुंडाळून टेबलावर ठेवली.

साडेअकराच्या सुमाराला मशीन परत सुरू झालं. डबीवर हिरवा दिवा लागला.

इतकं सोपं होतं. पिन्याला रडू आलं.

डोळे पुसून त्याने रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला. स्क्रीनच्या कडेला आवाजाची एक पट्टी असते. माइकमधून आवाज आला की ती वर चढते, नाहीतर पडून असते.

पट्टी हलत होती.

अगदी थोडी. त्याला वाटलं, पंखा. त्याने पंखा बंद केला.

पट्टी हलतच होती. वर... खाली. वर... खाली. कुणीतरी श्वास घेतल्यासारखी.

त्याने माइकच्या वायरीकडे पाहिलं. गुंडाळलेली. माइक पेटीत. पेटीला खटका.

डबीला माइक जोडलेलाच नव्हता.

त्याने टेबलावरचा हेडफोन उचलला. कानाला लावला.

काही नाही...

मग कुणीतरी घसा साफ केला. गाण्याआधी करतात तसा. हळूच.

उठावं... उठता येईना. मागे खुर्ची होती. बाईंची. तिकडे त्याने पाहिलं नाही. पाहवेना. स्क्रीनकडे बघत, तो कसाबसा बोलला, "बाई, डबी बिघडली नव्हती. मी बिघडवलं. पोरीलाही ताप नव्हता."

पट्टी खाली आली.

आडवी झाली.

कानात काही नाही. खोलीत काही नाही...

तो कधी उठला, लॅपटॉप कधी मिटला, जिना कसा उतरला, त्याला आठवत नाही. रेकॉर्डचं बटण त्याने दाबलंच नव्हतं, हे मात्र तो शपथेवर सांगतो.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. म्हणाले, "सापडलं रे बाबा. पूर्ण अंगाई आहे. मुलगी ऐकून ऐकून रडतेय."

पिन्याने हातातलं काम खाली ठेवलं.

"एक विचारू? मधे तुझा आवाज आहे. ती गातेय, मग थांबते, आणि तू म्हणतोस, डबी बिघडली नव्हती... ते सगळं. मग बराच वेळ शांत. आणि ती पहिल्यापासून पुन्हा गाते. शिकवताना कुणी चुकलं की गायची, तशी." काकांनी विचारलं, "तू तिच्यासमोर कधी बसला होतास?"

काकांनी फोन ठेवला नाही, पिन्यानेही ठेवला नाही.

मग काका म्हणाले, "जावयाने तुझं तेवढं वाक्य कापून पाहिलं. ते कापलं की पुढचं गाणं वाजत नाही. परत जोडलं की वाजतं. राहू दे म्हटलं मी."

आता ते बाळ वर्षाचं झालंय. रोज रात्री त्याच अंगाईवर झोपतं. रोज रात्री, आजीच्या दोन सुरांच्या मधे, पिन्याचं ते बोलणं ऐकतं.

आप्पांनी चष्मा परत लावला. पुतण्याने व्हायरसचं नाव काढलं नाही. मग आप्पाच म्हणाले, तुमच्या ओळखीत कुणी हे दुरुस्तीचं काम करणारं असेल ना, त्याला माझा एवढा निरोप द्या. दुसऱ्याचं काम अर्ध्यावर असताना विचारल्याशिवाय ते बटण दाबू नकोस. आणि दाबलंसच, तर त्याच दिवशी सांग. माणूस समोर बसलेलं असतं, तोवर सांग.